पत्रातली मी

तिसऱ्या ओळीवर सोरिया अडखळली. सरकारी दुभाषी म्हणून बारा वर्षांत ती अशी कधी अडखळली नव्हती, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माना वर झाल्या. कागद साधाच होता, शाळेच्या वहीतून फाडलेला, पाठपोट निळ्या शाईत लिहिलेला. समोरच्या शिष्टमंडळातल्या वकील हॅलोरनबाईंनी तो प्लास्टिकच्या पाकिटातून काढून हिरव्या मेजपोसावरून तिच्याकडे सरकवला होता. हे शहराबाहेरच्या एका शिवणकारखान्यातल्या बाईचं पत्र आहे, नाव नाही. आमच्याकडे याचं भाषांतर आहे, पण ते तुमच्याच दुभाषीच्या तोंडून सगळ्यांनी ऐकावं, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यात वावगं काही नव्हतं. दोन दिवस या थंडगार हॉलमध्ये पुढच्या वर्षी नॉम पेन्हहून त्यांच्या देशात किती कपडे जायचे यावर घासाघीस चालली होती. तिथे सदऱ्याला सदरा म्हणत नव्हते. करारातल्या वर्गाच्या आकड्याने तीनशे अडतीस म्हणत होते. सोरियाची जीभ आकड्यांना सरावली होती. पत्र म्हणजे थोडी विश्रांतीच, असं वाटून तिने ते हातात घेतलं होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, मी शिलाईच्या सहाव्या रांगेत बसते. दुसरीत, कामाची पाळी सुरू झाली की आमच्या मागच्या दाराला साखळी लावतात. ती इंग्रजीत बोलत गेली. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, सुई बोटातून आरपार गेली तर आम्ही डास चावला म्हणतो आणि पुढचा सदरा घेतो.

तिने पाण्याचा ग्लास उचलला. पाणी प्यायल्याचं तिला कळलं नाही. डास चावला असं या देशात कुणी म्हणत नव्हतं. ती म्हण नव्हतीच. ते तिच्या आईचं होतं. काळ्या कपड्यांच्या राजवटीच्या त्या वर्षांत, सगळ्या देशाचं कापड मक्लुआच्या फळांच्या रसात बुचकळून काळं केलं होतं तेव्हा, आई भाताची पोती शिवत होती, आणि गोणपाटाची जाड सुई तिच्या बोटात शिरून नखातून बाहेर आली. नऊ वर्षांची सोरिया शेजारी सुतळी धरून बसली होती. देखरेखीवरचा पोरगेलासा माणूस थांबला, त्याने विचारलं, काय झालं? ज्याचं दुखतं तो कामाचा नाही, आणि जो कामाचा नाही तो रात्री शेतापलीकडे जातो, हे नऊ वर्षांच्या मुलीलाही माहीत होतं. आई म्हणाली, डास चावला. सुई ओढून काढली, आणि त्याच सुईने पुढचा टाका घातला. नंतर ती वर्षं संपली, आईने दुसरं लग्न केलं, तेवी झाली. आणि त्या घरात कुणाचं काहीही दुखलं तरी डास चावला म्हणायची रीत पडली. ताप आला, डास चावला. नवरा घर सोडून गेला, डास चावला. आई जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. हे वाक्य बोलणारी माणसं जगात दोनच उरली होती, आणि त्यातली एक हिरव्या मेजपोसावर हात ठेवून बसली होती. दुसरी, तिची धाकटी बहीण तेवी, शहराबाहेरच्या कारखान्यात काम करत होती. आणि ते काम सोरियानेच एका शब्दावर मिळवून दिलं होतं. ज्याच्याकडे शब्द टाकला होता तो तिथला मालक, ताइंग वुथा, उद्योजकांचा सल्लागार म्हणून तिच्या मागच्याच रांगेत बसून पेपरमिंट चघळत होता. त्याचा वास तिला येत होता.

"पुढे वाचणार ना?" हॅलोरनबाईंनी हळूच विचारलं.

ती पुढे बोलू लागली. दुभाष्याने मीच म्हणायचं असतं. हे तिला सीमेवरच्या छावणीत एका परदेशी नर्सने शिकवलं होतं, ती पंधरा वर्षांची असताना. रोग्याने मला दुखतंय म्हटलं की तूही मला दुखतंय म्हण, यांना दुखतंय म्हणू नकोस. तू मध्ये येऊ नकोस. तेव्हापासून सोरियाने हजारो माणसांच्या वतीने मी म्हटलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही, माझा पाय सुरुंगावर पडला, माझ्या सरकारला खेद वाटतो. ते सगळे मी तिच्या तोंडातून गेले होते आणि मागे काही ठेवून गेले नव्हते. आता ती म्हणाली, मार्च महिन्यात इस्त्रीच्या विभागात चिंध्यांनी पेट घेतला. आग लहान होती, धूर मोठा होता. किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. मी चार महिन्यांची गरोदर होते. रेटारेटीत मी कापणीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पोटावर पडले. दुसऱ्या दिवशी मी कामावर आले, कारण खाडा झाला की हजेरीचा बोनस जातो. दुपारी संडासात ते पडलं. मी ते नापास झालेल्या सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं.

तिचा आवाज कापला नाही. हे नंतर तिला सर्वांत जास्त खुपलं. आत काहीतरी धाडकन कोसळलं होतं आणि तोंड मात्र व्याकरण सांभाळत होतं, भूतकाळ भूतकाळात, क्रियापद जागच्या जागी. एप्रिलमधल्या नववर्षाला तेवी घरी आली होती. चेहरा केळीच्या सोपासारखा पांढरा पडलेला. पानात गुंडाळायचे भाताचे गोळे करायला बसली आणि दोन गोळे करून भिंतीला टेकली. सोरिया तिला फाडकन बोलली होती, शहरात राहून हात मऊ पडले वाटतं तुझे. तेवी हसून म्हणाली होती, ताप येऊन गेला, बोंग. थोरल्या भावंडाला, किंवा वयाने मोठ्या कुणालाही, म्हणायचा तो साधा शब्द, बोंग, आणि त्याच्या आधी एवढं मोठं खोटं. मग तेवीने भात न खाता पाटावरच डोळे मिटले होते आणि सोरियाने उरलेले चाळीस गोळे रागारागाने एकटीने केले होते.

सुट्टी झाली. सभा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भरणार होती. शिष्टमंडळाचे प्रमुख प्राक सारुन यांनी तिला खिडकीपाशी बोलावलं. मागोमाग वुथा आला. सारुन पन्नाशीचे, बोलायला मवाळ, सोरियासारखेच प्रेय वेंग प्रांतातले. तिला नोकरीत त्यांनीच आणलं होतं.

"अडखळलीस का?" त्यांनी विचारलं.

"घसा कोरडा पडला होता, बोंग."

"भाषा कुठली आहे?"

"आपल्याकडची असेल."

"आपल्याकडच्या तर निम्म्या मुली त्या रस्त्यावर आहेत," वुथा म्हणाला. "कुणीतरी बसून लिहवून घेतलंय हो हे. माझ्याकडे पंधराशे बायका आहेत. काय काय म्हणून बघू? आणि मागचं दार लावतो, कारण मागून माल जातो. पोटाशी सदरे बांधून जातात, मग गरोदर दिसतातच."

तो स्वतःच हसला. सारुन हसले नाहीत. त्यांनी खाली नदीकडे बघितलं. "सोरिया, नीट ऐक. कपड्यांच्या कोट्यात चौदा टक्के वाढ कबूल झाली होती. हे पत्र खरं ठरलं तर ती वर्षभर लटकते. चौदा टक्के म्हणजे नवे पंधरा हजार हात. त्या मुली आत्ता गावात बसून बोलावण्याची वाट बघताहेत. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. उद्या मी एवढंच म्हणेन, की आमच्या भाषातज्ज्ञ बाईंच्या मते ही भाषा कामगार बाईची वाटत नाही. मत म्हणजे काही शपथ नव्हे. तू फक्त होकाराची मान हलव."

"आणि ती वाटली तर?"

"कोण वाटली तर?"

"भाषा."

सारुननी तिच्याकडे असं पाहिलं की त्यांना काहीतरी कळलं असावं, आणि कळायला नको असावं. "घरी जा," ते म्हणाले. "भात खा. झोप."

ती घरी गेली नाही. तिने हॉटेलच्या दारातून भाड्याची मोटरसायकल केली आणि ऑफिसचा रेशमी सांपोत, लुंगीसारखा गुंडाळून नेसलेला, दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून आडवी बसली. कारखान्यांची पाळी सुटली होती. समोरून उघडे ट्रक येत होते, त्यात उभ्या बायका, ऊस भरावा तशा भरलेल्या. प्रत्येकीच्या डोक्याला चौकड्याचा क्रामा. या रस्त्यावर ती तीनदा आली होती, तिन्ही वेळा पाहुण्यांबरोबर, काच लावलेल्या गाडीतून. एका भेटीत तिने एका मुलीच्या वतीने म्हटलं होतं, मी इथे समाधानी आहे. आता धूळ तोंडात जात होती आणि तिच्या डोक्यात एकच गणित चालू होतं, मार्चमध्ये चार महिने म्हणजे ऑगस्टमध्ये नऊ. आज जुलैची तेवीस. पुढच्या महिन्यात ती मावशी झाली असती. तिला वाटलं, हे मला कळायला सरकारांची बैठक व्हावी लागली. माझ्या घरातलं मूल माझ्यापर्यंत परदेशी वकिलाच्या पाकिटातून आलं. याचा राग कुणावर करावा हे कळेना, म्हणून तिने मोटरसायकलवाल्यालाच सांगितलं, जरा सावकाश, माणसं बसलीत मागे.

भाड्याच्या खोल्यांची लांबलचक चाळ होती, पत्र्याची, मध्ये एकच नळ. तेवी दारात बसून भाजी निवडत होती. ती स्वतः तजेलदार, चांगली भरलेल्या अंगाची. सोरियाला बघून ती उठली नाही.

"बोंग? सांपोत नेसून? कोण मेलं?"

सोरिया उंबऱ्यावर बसली. शब्द जुळवत आली होती, त्यातला एकही सापडला नाही. "पत्र तू लिहिलंस," ती म्हणाली.

तेवीचे हात थांबले. तिने आधी दोन्ही बाजूंच्या खोल्यांकडे पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मी वाचलं. तिथे, सगळ्यांसमोर. इंग्रजीत बोलून दाखवलं."

"तू?" तेवी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, दाबता येईना तसं. "त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही? अगं, आम्ही किती जपून पाठवलं ते. नाव नाही, ठसा नाही. आणि पोचलं कुठे, तर घरीच."

"हसू नकोस. मला का सांगितलं नाहीस? नववर्षाला आली होतीस. माझ्यासमोर बसली होतीस. ताप म्हणालीस."

"तापच होता."

"तेवी, मूल गेलं तुझं."

तेवीने तिच्याकडे पाहिलं. हसू हळूहळू उतरलं. "माझं नाही," ती म्हणाली. "मला कुठलं मूल? नवरा दीड वर्ष सीमेपलीकडे विटा वाहतोय, मध्ये एकदाही आला नाही. पत्रात मी लिहिलंय ना, ती मी म्हणजे मी एकटी नाही. आम्ही अकरा जणी बसलो होतो या खोलीत. सुई माझ्या बोटात गेली. किल्लीचं सांगितलं सिनाने. धूर सगळ्यांचाच. लिहायला येतं मला, म्हणून अक्षर माझं. आम्ही आमची अकरा वाक्यं लिहिली असती तर कुणी वाचलं असतं? एकीचं म्हटलं की वाचतात. तूच एकदा म्हणाली होतीस, परदेशी लोकांना एक माणूस लागतो."

सोरियाच्या छातीतून मोठा श्वास सुटला. तिचं नाही. माझ्या घरातलं नाही. सगळं अंग सैल पडलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या सुटकेच्या पाठोपाठ, जेमतेम एका श्वासाच्या अंतराने, तिला स्वतःची इतकी भीती वाटली की तिने उंबरा घट्ट धरला. मूल तर गेलंच होतं. चार वाजल्यापासून ती ज्या खड्ड्यात पडत होती, तो खड्डा तसाच होता; फक्त त्यात दुसरी कुणी होती, आणि ती दुसरी कुणी आहे म्हणून आपल्याला बरं वाटलं होतं.

"मग कोणाचं?" तिने विचारलं.

तेवीने हनुवटीने दाखवलं. नळाशी एक बारकी बाई तांदूळ धूत होती. पाठमोरी. केस रबराने बांधलेले. ती पाणी ओतायची, पुन्हा भरायची, तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते. "नारोम," तेवी म्हणाली. "बोलत नाही फार. जाऊन काही विचारू नकोस."

सोरिया गेली नाही. तिला जाता आलं नाही. आज दुपारी आपण वीस माणसांसमोर या बाईच्या वतीने मी म्हणालो, आणि ती पाठमोरी ओळखताही येत नव्हती, हे तिला सहन झालं नाही. "मला सांगायचं तरी होतंस, दाराचं," ती तेवीला म्हणाली. "मी वुथाशी बोलले असते."

"तेच तर," तेवी म्हणाली. "तू बोलली असतीस, आणि त्याने माझी बदली ऑफिसात केली असती. पंख्याखाली. मग मी त्याचे आभार मानले असते, तू मानले असतेस. दार तसंच राहिलं असतं, बोंग."

त्या रात्री सोरियाला झोप लागली, याचंही तिला आश्चर्य वाटलं. सकाळी जाग आली ती एका विचाराने. सारुनना हवं होतं ते वाक्य आता जवळजवळ खरं झालं होतं. पत्र एका बाईचं नव्हतं. सहाव्या रांगेतली, सुई टोचलेली, मूल गेलेली अशी बाई अस्तित्वात नव्हती. मान हलवली तर ते खोटं ठरलं नसतं. पंधरा हजार मुली गावातून निघाल्या असत्या, त्यांच्या आयांनी नवे क्रामे घेतले असते. आणि दाराला साखळी राहिली असती. तिने आरशात वेणी घातली. आजवर तिने कधी कुणाच्या मताला मान हलवली नव्हती आणि नकारही दिला नव्हता. तिचं कामच तसं होतं. तू मध्ये येऊ नकोस.

नऊ वाजता सारुन बोलले, आपल्या भाषेत, खाली कागदाकडे बघत. आमचं शिष्टमंडळ नम्रपणे नमूद करू इच्छितं, की आमच्या भाषातज्ज्ञ श्रीमती उक सोरिया यांनी पत्राचा अभ्यास केला असून, ही भाषा कामगार बाईची नाही असं त्यांचं मत आहे. ते थांबले. आता तिची पाळी होती. तिने ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, नम्रपणेसकट, एकही शब्द न गाळता. लिहून घेणाऱ्यांची पेनं चालली. मागून पेपरमिंटचा वास आला. ती गप्प बसली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

"हे शिष्टमंडळाचं म्हणणं होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "आता मी बोलते. सोरिया मीच. मी असं मत दिलेलं नाही. ही भाषा कामगार बायकांचीच आहे. मी तिथे जाऊन आले." मग तेच तिने आपल्या भाषेत, सारुनकडे तोंड करून सांगितलं, कारण ते समजणं त्यांचा हक्क होता. मी हा शब्द तोंडातून बाहेर पडताना इतका जड लागला, की तो आपण कधी वापरलाच नव्हता असं तिला वाटलं.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. हॅलोरनबाईंनी चष्मा काढला. वुथा म्हणाला, "ही बाई काय बोलतेय?" सारुनचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी पंधरा मिनिटांची सुट्टी मागितली. पण ते आता इंग्रजीत कुणी सांगायचं, दुभाषी कोण, असा घोळ झाल्यामुळे त्यांनी ती बोटांनी दाखवली.

बाहेर, लिफ्टपाशी, ते तिच्याजवळ आले. "आता तुला या कामावरून काढावं लागेल," ते म्हणाले.

"माहीत आहे, बोंग."

"तिथे आपलं कुणी आहे?"

लिफ्ट आली आणि रिकामी परत गेली.

"काही दिवस मला भेटू नकोस," सारुन म्हणाले. "माझ्या बायकोला फोन कर, पण मला भेटू नकोस." मग जाता जाता, पाठ फिरवून, "इंग्रजी वाक्य चांगलं होतं. छोटं होतं."

करार झाला. नऊ टक्के तात्काळ, पाच तपासणीनंतर. पंधरा हजारांतल्या साडेपाच हजार मुली गावातच राहिल्या. त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती, तरी सोरियाला त्या बाजारात, बसथांब्यावर, सगळीकडे दिसू लागल्या. तिला खात्याच्या ग्रंथालयात बसवलं, जिथे कुणी येत नव्हतं. तपासनीस आले, मागच्या दाराची साखळी निघाली, तिथे खुर्ची टाकून एक पहारेकरी बसवला. पत्र कुणी लिहिलं ते वुथाला शेवटपर्यंत कळलं नाही; त्याने सहावी रांगच मोडली आणि बायका दूरदूरच्या रांगांत वाटून टाकल्या. तेवीला त्याचंच वाईट वाटलं. आता दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणाली.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सोरिया चाळीत गेली, तेव्हा तेवी बाजारात गेली होती. नळाशी नारोम मासे साफ करत होती. आज ती समोरून दिसली. पंचविशीची, रुंद कपाळ, एका दाताचा कोपरा उडालेला.

"तुम्हीच ना," नारोम म्हणाली. "तेवीच्या बोंग. वाचलंत ते."

"हो."

नारोमने आणखी दोन मासे साफ केले. "त्यांच्या भाषेत ते कसं लागतं?" तिने विचारलं. "माझं तेवढं. म्हणून दाखवा."

सोरियाला नाही म्हणावंसं वाटलं. मग ती उकिडवी बसली आणि तिने ती वाक्यं इंग्रजीत म्हटली, हॉलमध्ये म्हटली होती तशीच, मी गरोदर होते पासून घरी आणलं पर्यंत. पाचच वाक्यं. या वेळी तिचा आवाज फाटला. नारोम मान तिरकी करून ऐकत होती, हातात सुरी तशीच. कारखान्यात गठ्ठे इंग्रजीत मोजायची पद्धत आहे. वन, टू, थ्री असे आकडे सगळ्या बायकांना येतात.

"फोर म्हणालात," नारोम म्हणाली. "फोर म्हणजे चार ना?"

"चार."

"चार नव्हते. पाच होते. पाच पुरे होऊन वर तीन दिवस. तेवीने घाईत चार लिहिलं असेल." तिने सुरी पाण्यात धुतली. "तिथे कागदात दुरुस्त करता येईल का, बोंग?"

कागद दोन्ही देशांच्या सह्या होऊन, शिक्के बसून, कपाटात गेला होता. या प्रश्नाला सरकारी माणूस बघू म्हणतो. बारा वर्षं सोरियाने कितीतरी लोकांचं ते बघू दुसऱ्या भाषेत नेऊन पोचवलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही होणार."

नारोमने मान हलवली आणि पुढचा मासा घेतला.